‘वुमकर’ कीं ‘वेलिणकर’ ? : विमानपथकांच्या चरित्रसाधनांचें परीक्षण

सनदा, महजर, करीने व शकावल्या छापणाऱ्या या त्रैमासिकांत बाँबफेकी विमानांवरील पथकांविषयीं लेख पाहून कित्येक वाचकांस आश्चर्य वाटेल. वैमानिकाची नोंदवही पेशवेकालीन रोजकीर्दीच्या पंक्तीस कशी बसावी, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. परंतु साधनाचें मोल केवळ त्याच्या वयावर ठरत नसतें. तें कोणीं, केव्हां व कशासाठीं लिहिलें, आणि कोणकोणत्या हातांतून तें आपल्यापर्यंत आलें, यावरून तें ठरतें. वयाचाच प्रश्न असेल तर पानिपताच्या लढाईनंतर पासष्ट वर्षांनीं, १८२६ मध्यें, ग्रँट डफचा इतिहास छापून निघाला, हें लक्षांत घ्यावें. दुसरें महायुद्ध संपून ऐंशी वर्षें उलटलीं. म्हणजे ज्या अंतरावरून डफनें पानिपत पाहिलें, त्याहून अधिक अंतरावरून आज आपण त्या युद्धाकडे पाहत आहों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. विमानपथकांचीं चरित्रें आज पुष्कळ लिहिलीं जातात, पण तीं बहुधा बखरीच्या वळणानें लिहिलीं जातात. समकालीन कागदाच्या कसोटीवर घासल्यावांचून त्यांतील माणसें खऱ्या रूपानें हातीं लागत नाहींत. ती कसोटी लावण्याची संवय ज्यांस आहे, तो वर्ग म्हणजे जुन्या पोथ्या व कागद वाचणारा वर्गच होय. या वर्गानें तिकडे पाठ फिरविल्यामुळें मुंबईच्या एका तरुणाचें नांव फ्रान्समधील थडग्यावर चुकलें असतां तें कसें दुरुस्त झालें, या गोष्टीचें मर्म आपल्याकडे अजून ध्यानांत आलेलें नाहीं. त्या गोष्टीकडे येण्यापूर्वीं साधनांचें स्वरूप पाहूं.

१

लँकास्टर जातीच्या बाँबफेकी विमानांत सात माणसें असत : वैमानिक, फ्लाइट इंजिनियर, मार्ग आंखणारा नॅव्हिगेटर, बाँब टाकणारा, बिनतारी यंत्रावरचा, आणि विमानाच्या पाठीवरील व शेपटाकडील बुरुजांत बसणारे दोन गनर. हीं पथकें बहुधा वरिष्ठांच्या हुकुमानें बनत नसत. शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यांत निरनिराळ्या कामांचीं माणसें एका मोठ्या दालनांत एकत्र आणीत, व त्यांनीं आपापसांत बोलून आपलें पथक जुळवावें, असा प्रघात होता. पहिली पाळी तीस मोहिमांची. ती पुरी करून जो जिवंत राही, त्यास विसावा मिळे, व पुढें वीस मोहिमांची दुसरी पाळी असे. इंग्लंडच्या बॉम्बर कमांडमध्यें सुमारें १,२५,००० विमानसैनिकांनीं काम केलें. त्यांपैकीं ५५,५७३ मारले गेले, म्हणजे शेंकडा चव्वेचाळीस.

या माणसांच्या चरित्राचीं साधनें चार प्रकारचीं आहेत. पहिलें साधन म्हणजे प्रत्येकाची स्वतःची उड्डाण-नोंदवही, जिला लॉगबुक म्हणतात. तींत तारीख, विमानाचा प्रकार व क्रमांक, कामगिरी आणि हवेंत घालविलेला वेळ एवढेंच असतें. रात्रीचीं उड्डाणें तांबड्या शाईनें लिहिण्याची रीत होती. महिन्याअखेर बेरीज करून तीवर वरिष्ठाची सही होई. ही कारकुनी आमच्या वाचकांस ओळखीची वाटेल. रोजकीर्दींत जसा कारकुनाचा स्वभाव डोकावत नाहीं, तसाच येथें वैमानिकाचा डोकावत नाहीं, आणि साधन या दृष्टीनें हा त्याचा गुणच होय.

दुसरें साधन म्हणजे स्क्वाड्रनची मोहीमवही. तिचे दोन भाग असत. पांचशें चाळीस क्रमांकाच्या तक्त्यांत दिवसाचा सारांश व पांचशें एकेचाळीस क्रमांकाच्या तक्त्यांत प्रत्येक विमानाचें पथक, निघण्याची वेळ, परतण्याची वेळ व कामगिरीचा तपशील येई. या वह्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत ‘एअर २७’ या वर्गांत जतन केलेल्या आहेत. जें विमान परत आलें नाहीं, त्याच्यापुढें निघण्याची वेळ असते व परतण्याचा रकाना रिकामा असतो. लिहिणारास जें ठाऊक नव्हतें, तें त्यानें लिहिलें नाहीं. बखरकारास हें साधलें असतें, तर आमच्या कित्येक वादांचा उगमच झाला नसता.

तिसरें साधन म्हणजे बेपत्ता किंवा मृत सैनिकासंबंधीं उघडलेली फाईल. कुटुंबास पाठविलेलीं पत्रें, सुटून आलेल्या सोबत्यांच्या जबान्या, शत्रूच्या दप्तरांतून रेडक्रॉसमार्फत आलेली बातमी, आणि युद्धानंतर गांवोगांव फिरून थडगीं व विमानांचे अवशेष तपासणाऱ्या शोधपथकांचे अहवाल, असा ऐवज तींत सांपडतो. आपल्याकडील महजराशीं तिचें साम्य आहे. महजरांतहि अनेक साक्षींवरून एक निवाडा होतो, आणि निवाड्यापेक्षां साक्षीच अधिक मोलाच्या असतात.

चौथ्या प्रकारांत पदकांचीं प्रशस्तिपत्रें, वर्तमानपत्रांतील वृत्तें, स्मरणलेख व वृद्धापकाळीं सांगितलेल्या आठवणी येतात. हा बखरींचा व पोवाड्यांचा वर्ग होय. तो टाकाऊ नाहीं. माणसें कशीं स्मरलीं जावींत, असें लोकांस वाटत होतें, हें त्यावरून समजतें. परंतु घटना ठरविण्याच्या कामीं त्याचा मान चौथा आहे, पहिला नाहीं.

२

ही विद्या कोणीं चांगली जोपासली असेल, तर ती ऑस्ट्रेलियानें. बॉम्बर कमांडमध्यें सुमारें १०,००० ऑस्ट्रेलियन होते व त्यांपैकीं ३,४८६ मारले गेले. त्या देशाच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत हवाई दलाच्या मृतांच्या व बेपत्तांच्या फायलींचा ‘ए ७०५’ हा स्वतंत्र संग्रह आहे. आपला मुलगा, भाऊ, चुलता यांच्याविषयीं शोध घेणारास तेथें मूळ कागद मिळतात. यामुळें ऑस्ट्रेलियन पथकांचीं चरित्रें पुष्कळ झालीं व त्यांतील कांहीं फार काळजीपूर्वक लिहिलेलीं आहेत. असें असूनहि त्या परंपरेंत दोन दोष आम्हांस दिसतात. आपल्याकडे हेच दोष अधिक ठळकपणें उतरण्याचा संभव असल्यामुळें त्यांचा येथें विचार करणें अवश्य आहे.

पहिला दोष निवडीचा. कॅनबेरा येथील युद्धस्मारकांत ‘जी फॉर जॉर्ज’ या नांवानें प्रसिद्ध असलेलें लँकास्टर विमान ठेवलेलें आहे. ४६० क्रमांकाच्या ऑस्ट्रेलियन स्क्वाड्रनच्या या विमानानें डिसेंबर १९४२ ते एप्रिल १९४४ या काळांत नव्वद मोहिमा केल्या, आणि त्यांत बसून गेलेला प्रत्येक माणूस जिवंत परत आला, असें त्याचें माहात्म्य सांगितलें जातें. हें खरें आहे, आणि म्हणूनच तें फसवें आहे. याच स्क्वाड्रनचीं १,०१८ माणसें मारलीं गेलीं. जीं विमानें पडलीं, तीं संग्रहालयांत येऊं शकत नाहींत. वाळवीनें खाल्लेल्या शंभर पोथ्यांतून एक अखंड राहिली असतां तिच्यावरून त्या घराण्यांत पोथ्या फार जपत असत, असें अनुमान कोणी काढील काय ? जें टिकलें, तें टिकलें म्हणूनच अपवादभूत आहे, हा विचार संग्राहकानें नित्य मनांत बाळगला पाहिजे.

दुसरा दोष नांवाचा. ‘ऑस्ट्रेलियन पथक’, ‘ऑस्ट्रेलियन स्क्वाड्रन’ असे शब्द सर्रास योजले जातात. पण वर सांगितलेल्या १,०१८ मृतांपैकीं ऑस्ट्रेलियन ५८९ होते. बाकीचे ब्रिटिश व इतर देशांचे होते. वैमानिक सिडनीचा असला, तरी फ्लाइट इंजिनियर बहुधा इंग्रज असे, कारण त्या कामाचीं माणसें मुख्यतः इंग्लंडच्या हवाई दलांतून येत. उलटपक्षीं पुष्कळ ऑस्ट्रेलियन ब्रिटिश स्क्वाड्रनांत विखुरलेले होते. पथकास एका राष्ट्राचें लेबल लाविलें कीं त्यांतील परका माणूस दिसेनासा होतो. मराठी नांवें कोठें लपलीं आहेत, या प्रश्नाचें उत्तर येथेंच सांपडतें.

३

बखर व साक्ष यांतील सीमा कोठें असते, तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. रॉडन मिडलटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक ब्रिटिश हवाई दलाच्या १४९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्यें होता. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्रीं इटलींतील तुरीन शहरीं फियाट कारखान्यावर झालेल्या हल्ल्यांत गोळ्याचा तुकडा लागून त्याचा उजवा डोळा गेला. तशा स्थितींत त्यानें विमान आल्प्स पर्वत ओलांडून इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत आणलें. इंधन संपत आलें होतें. विमानांत आठ माणसें होतीं. त्यांपैकीं पांच जणांनीं छत्रीच्या साहाय्यानें उड्या घेतल्या व ते वांचले. वैमानिकाजवळ दोघे राहिले आणि ते तिघेहि समुद्रांत गेले. जानेवारी १९४३ मध्यें मिडलटनला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्याचा देह फेब्रुवारींत किनाऱ्यास लागला.

या वृत्तांतांतील कोणता भाग कोणाच्या साक्षीवर उभा आहे, हें पाहण्यासारखें आहे. तुरीनपासून किनाऱ्यापर्यंतची हकीकत वांचलेल्या पांच जणांनीं पाहिलेली आहे, म्हणून ती ग्राह्य होय. त्यांनीं उड्या घेतल्यानंतर विमानांत काय झालें, कोण काय बोललें, मागें राहिलेल्या दोघांनीं उडी घेण्याचा यत्न केला कीं नाहीं, याला जिवंत साक्षी नाहीं. त्या शेवटच्या मिनिटांविषयीं जें कांहीं लिहिलें जाईल, तें अनुमान होय. अनुमान करूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. नैयायिकांनीं अनुमानास प्रमाण मानलें आहे. पण तें प्रत्यक्षाचा वेष घेऊन येऊं नये. मिडलटनचें धैर्य प्रत्यक्ष साक्षीनें सिद्ध आहे. त्याला कल्पित संवादाचा टेकू देणें म्हणजे खऱ्या नाण्यास मुलामा चढविणें होय.

४

आतां मराठी नांवांकडे वळूं. १९४० मध्यें हिंदी हवाई दलाचे चोवीस वैमानिक इंग्लंडास पाठविण्यांत आले, हें प्रसिद्ध आहे. याखेरीज ब्रिटिश पथकांत मिसळून काम करणारे हिंदी लोक होते. त्यांपैकीं शैलेंद्र एकनाथ सुखठणकर यांनीं बॉम्बर कमांडच्या लँकास्टर विमानांतून नॅव्हिगेटर म्हणून मोहिमा केल्या व त्यांस डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. सुखठणकर हें आडनांव ऐकतांच आमच्या वाचकांस महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुखठणकर यांची आठवण होईल. त्यांनीं १९२५ पासून पुण्याच्या भांडारकर संस्थेंत तें काम चालविलें, १९३३ मध्यें आदिपर्व पुरें केलें, आणि जानेवारी १९४३ मध्यें, महायुद्ध चालू असतांनाच, ते निवर्तले. येथें आम्ही नातें जोडीत नाहीं. आडनांव एक असल्यावरून नातें जोडणें हा वंशावळी लिहिणारांचा जुना रोग आहे. परंतु एका सुखठणकरांनीं पाठ ठरविण्याची जी रीत घालून दिली, तीच दुसऱ्या सुखठणकरांच्या काळचे कागद वाचतांना उपयोगीं पडते, एवढें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

मराठी नांवाची घडण अशी कीं, स्वतःचें नांव, मग बापाचें, मग आडनांव. इंग्रजी तक्त्यांत तेंच ‘एस. ई. सुखठणकर’ असें होतें, आणि ‘ई’ म्हणजे एकनाथ व एकनाथ म्हणजे पिता, ही गोष्ट परक्या कारकुनास कळत नाहीं. आपल्यास मात्र त्या एका अक्षरांत एक पिढी सांपडते. आडनांवाच्या शेवटीं ‘कर’ असेल, तर बहुधा मूळ गांवहि सांपडतें. जी माहिती काढण्यास ऑस्ट्रेलियन संशोधकास चार फायली चाळाव्या लागतात, ती आपल्याकडे नांवांतच असते. मात्र नांव शुद्ध वाचलें पाहिजे.

५

हें शुद्ध वाचन किती मोलाचें असतें, याचें उदाहरण दुसऱ्या नव्हे, तर पहिल्या महायुद्धांत घडलें. त्यांतील तरुण बाँबफेकी पथकाचा नव्हता. तो एकट्यानें चालविण्याच्या लढाऊ विमानाचा वैमानिक होता. तथापि मुंबईकर वैमानिकांच्या चरित्राचा आरंभ त्याच्यापासूनच करावा लागतो.

पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश विमानदलांत अधिकारी वैमानिक म्हणून लढलेल्या हिंदी तरुणांत चौघांचीं नांवें मुख्यत्वें घेतलीं जातात : हरदितसिंग मलिक, इंद्रलाल राय, एरॉल सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. मलिक वांचले. सेन शत्रूच्या कैदेंत पडले, पण पुढें सुटले. राय २२ जुलै १९१८ रोजीं पडले. वेलिणकर हे केंब्रिज येथें शिकलेले असून २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्यें लेफ्टनंट होते व सॉपविथ डॉल्फिन जातीचें विमान चालवीत. २७ जून १९१८ रोजीं ते मोहिमेवरून परतले नाहींत. ते जखमी होऊन जर्मनांच्या हातीं सांपडले होते व ३० जून रोजीं त्यांचा अंत झाला. जर्मनांनीं त्यांस रीतसर पुरलें. परंतु थडग्यावरील नांव होतें ‘ओबरलॉयटनांट वुमकर’. वुमकर नांवाचा अधिकारी ब्रिटिश विमानदलांत नव्हता. त्यामुळें मुंबईस वाट पाहणाऱ्या मातेचा मुलगा कागदावर बेपत्ताच राहिला. पुढें कुटुंबाच्या वतीनें झालेल्या पत्रव्यवहारांतून वुमकर म्हणजेच वेलिणकर, असा निर्णय झाला, आणि आज फ्रान्समधील हांगार येथील युद्धस्मशानांत त्यांच्या थडग्यावर त्यांचें स्वतःचें नांव आहे.

हा निर्णय योग्य होता काय ? भावनेनें नव्हे, तर पाठचिकित्सेनें आपण तो तपासूं. इंग्रजी लिपींत वेलिणकर हें नांव लिहितांना आरंभीं डब्ल्यू व शेवटीं के-ए-आर हीं अक्षरें येतात. वुमकर या पाठांतहि आरंभ व शेवट तेच आहेत. भेद आहे तो मधल्या भागांत. मूळांत ई, एल, आय, एन हीं चार अक्षरें, आणि भ्रष्ट पाठांत यू व एम हीं दोन. जलद हातानें जोडून लिहिलेल्या अक्षरांत खालीं येणाऱ्या रेघा मोजाव्या. ई ची एक, एल ची एक, आय ची एक व एन च्या दोन, मिळून पांच. यू च्या दोन व एम च्या तीन, मिळून पांच. रेघांची संख्या जुळते. एल ची रेघ इतरांहून उंच असते, हा आक्षेप येईल. पण घाईच्या लेखनांत ती उंची कमी होते, आणि नांव ओळखीचें नसेल, तर वाचणारा पांच रेघा आपल्या समजुतीप्रमाणें वांटून घेतो. मोडी वाचणारांस हें सांगणें नको. लेखणी न उचलतां लिहिलेल्या ओळींत अक्षरें कोठें तोडावयाचीं, यावरच निम्मे पाठभेद होतात.

दुसरा पुरावा हुद्द्याचा. जर्मन सैन्यांत ‘लॉयटनांट’ हा हुद्दा ब्रिटिशांच्या सेकंड लेफ्टनंटच्या बरोबरीचा, व ‘ओबरलॉयटनांट’ हा लेफ्टनंटच्या बरोबरीचा. वेलिणकर लेफ्टनंट होते. म्हणजे जर्मन कारकुनानें हुद्दा अचूक भाषांतरित केला आणि नांव तेवढें चुकलें. यावरून असें दिसतें कीं, त्याच्यापुढें खरा कागद किंवा खरी माहिती होती, त्यानें नांव कल्पनेनें बनविलें नव्हतें. तो निष्काळजी नव्हता. परक्या नांवापुढें तो हतबल झाला होता. भ्रष्ट पाठ प्रामाणिक लेखकाच्या हातून कसा उत्पन्न होतो, याचें याहून चांगलें उदाहरण शिकविण्यास मिळणार नाहीं. आमच्या मतें दोन्ही पुरावे एकत्र घेतां निर्णय योग्य ठरतो.

मात्र काम येथें संपत नाहीं. इंग्रजी कागदांत श्री आणि कृष्ण हीं दोन पदें निरनिराळीं छापलेलीं आढळतात. त्यामुळें श्री हें मानवाचक समजून तें गाळण्याचा मोह व्हावयाचा. वस्तुतः श्रीकृष्ण हें एक नांव असणें अधिक संभवनीय. तसेंच आडनांव देवनागरींत कसें लिहावें ? इंग्रजींत ‘जी’ हें अक्षर नसल्यामुळें आम्हीं येथें वेलिणकर असें लिहिलें आहे. परंतु गोव्यांत फोंडें महालांत वेलिंग गांव आहे व वेलिंगकर हें आडनांव मुंबईंत सुपरिचित आहे. वेलणकर हें आणखी निराळें. या तिहींत निवड करण्याचा अधिकार आमच्या कानास नाहीं. तो कुटुंबांतील एखाद्या देवनागरी किंवा मोडी सहीस आहे. फ्रान्समध्यें दुरुस्त झालेलें नांव मुंबईंत, स्वतःच्या लिपींत, अशा सहीवरूनच कायमचें निश्चित व्हावयाचें.

६

एका नांवाचा एवढा प्रपंच कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आपल्याच इतिहासांत आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या देहाच्या ओळखीविषयीं संशय राहिला. पार्वतीबाईंनीं अखेरपर्यंत वैधव्य पत्करलें नाहीं. पुढें भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, त्यानें राज्यांत धामधूम माजविली, व १७७६ मध्यें त्याचा शेवट झाला. मृत्यूची खातरी पटविणारा निर्विवाद पुरावा नसला म्हणजे काय होतें, हें मराठी माणसास यापेक्षां अधिक सांगावयास नको. जिवंत पत्नीस धड सौभाग्यहि नाहीं व वैधव्यहि नाहीं, आणि राज्यास पंधरा वर्षें कांटा.

युद्धांत बेपत्ता झालेल्या प्रत्येक विमानसैनिकाच्या घरीं हीच स्थिति लहान प्रमाणावर असे. शोधपथकें गांवोगांव फिरून मोडक्या विमानाचे क्रमांक वाचीत, तीं इतिहासासाठीं नव्हे, तर त्या घरांसाठीं. पाठचिकित्सा ही केवळ पंडितांची करमणूक आहे, असा समज ज्यांचा असेल, त्यांनीं वेलिणकरांच्या मातेचा विचार करावा. पांच रेघांच्या शुद्ध वाचनावर तिच्या मुलाचें थडगें अवलंबून होतें.

७

चरित्रकारानें आणखी दोन गोष्टी टाळूं नयेत, असें आम्हांस वाटतें. एक, विमानाखालीं जें घडलें तें. जुलै १९४३ च्या अखेरीस हँबुर्ग शहरांत बाँबवर्षावानें तीस हजारांहून अधिक माणसें मेलीं. फेब्रुवारी १९४५ मध्यें ड्रेस्डेन येथें किती मेलीं, याविषयीं दोन लाखांपर्यंत आंकडे सांगितले गेले. २०१० मध्यें त्या शहरानें नेमलेल्या अभ्यासकांच्या मंडळानें कागद तपासून तो आंकडा फार तर पंचवीस हजार ठरविला. लाखांच्या गप्पा बखरी सर्व देशांत सारख्याच मारतात, आणि कागद त्यांस खालीं आणतो. पण खालीं आणलेला आंकडाहि लहान नाहीं. पथकाचें शौर्य सांगतांना जो हा आंकडा गाळतो, तो अर्धें चरित्र लिहितो. मुंबईवर आकाशांतून बाँब पडले नाहींत. तरी १४ एप्रिल १९४४ रोजीं गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलें, तेव्हां दारूगोळा शहरांत काय करतो, हें मुंबईनें पाहिलें आहे. मुंबईच्या लेखकास तरी ही बाजू विसरण्याची मुभा नाहीं.

दुसरी गोष्ट म्हणजे चाकरी कोणाची, हा प्रश्न. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं गिरगांवापासून जवळच असलेल्या गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, त्याच सुमारास कांहीं हिंदी तरुण इंग्रजांच्या विमानांतून लढत होते. फेब्रुवारी १९४६ मध्यें नाविकांनीं मुंबईंत बंड केलें, व त्यांच्या पाठीशीं उभे राहिलेल्या परळ-लालबागच्या गिरणकामगारांवर गोळीबार झाला. या दोन प्रवाहांचा मेळ घालण्यासाठीं एक पक्ष वैमानिकांस वीर म्हणतो, दुसरा भाडोत्री म्हणतो. विशेषणानें प्रश्न सुटत नाहीं. तो माणूस लष्करांत कां गेला, घरीं काय लिहीत होता, परत आल्यावर काय बोलला, याचे कागद मिळाले तरच तो सुटेल. मराठे सरदार निजामाकडे व आदिलशहाकडे चाकरी करीत होते, त्यांचीं चरित्रें आपण विशेषणांनीं लिहीत नाहीं, तर फर्मानें व पत्रें लावून लिहितों. येथें निराळा न्याय लावण्याचें कारण नाहीं.

८

ऑस्ट्रेलियापाशीं जें आहे व आपल्यापाशीं नाहीं, तें शौर्य नव्हे, तर दप्तर होय. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हांहि स्थिति अशीच होती. कागद घरोघर पडलेले होते व वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास जात होते. आज गिरगांव, दादर, परळ, लालबाग येथील जुन्या चाळी पाडून नव्या इमारती उठत आहेत. खोली रिकामी करतांना माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली जाते, भांडीं ठेवून घेतलीं जातात, व कागद रद्दींत वजनावर जातात. त्यांत शेतसारा-पावत्या असतील, तशी एखाद्या आजोबांची निळ्या कापडी बांधणीची वहीहि असेल. देवनागरी पोथी दिसली तर तिला हात जोडणारा माणूस इंग्रजी तक्ते भरलेली वही निःशंकपणें फेंकून देतो.

म्हणून आमच्या संग्राहक मित्रांस चार गोष्टी सुचवितों. पहिली : लॉगबुक, पत्रें, लिफाफे व छायाचित्रें एका घरचीं असतील तर तीं एकत्रच ठेवावींत. त्यांची फोड करून निरनिराळ्या गिऱ्हाइकांस विकल्यानें रुमालाचा जसा नाश होतो, तसाच येथें होतो. दुसरी : छायाचित्राच्या मागील बाजू आधीं वाचावी. नांवें तेथेंच असतात. तिसरी : कुटुंबांतील वृद्ध माणसाकडून नांवाचें देवनागरी रूप त्याच्याच हातानें लिहवून घ्यावें व त्यावर तारीख घालावी. चौथी : आठवण व कागद यांत विरोध आला तर दोन्ही नोंदवाव्या, एकीनें दुसरी पुसूं नये. मुंबईंत एशियाटिक सोसायटी व मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या जुन्या संस्था आहेत. मूळ कागद देणें जिवावर येत असेल, तर निदान त्यांची नक्कल तरी अशा एखाद्या संस्थेस दाखवून ठेवावी.

वेलिणकरांचें नांव शुद्ध झालें, तें कोणी तरी ‘वुमकर’ हा पाठ जसाच्या तसा जपून ठेविला म्हणून. जर्मन कारकुनाची चूक कोणीं ‘सुधारून’ टाकली असती, किंवा निरुपयोगी म्हणून खोडली असती, तर मूळापर्यंत पोंचण्याची वाटच बंद झाली असती. चुकीचा कागदहि फेंकूं नये, हा धडा पोथ्या पाहणारांनीं पूर्वींच घेतलेला आहे. तो आतां या वह्यांस लावावा, एवढीच विनंति आहे.